बारभाईच्या फौजेचा पट: तात्पुरत्या मिश्र तुकड्या वॉरगेममध्ये कशा उतरवाव्यात

ग्वाल्हेरला रिक्षावाल्याला 'कंपू' असे सांगितले की तो लष्करातल्या एका ठरावीक भागात आणून सोडतो. मराठी माणसाला मात्र 'कंपू' म्हटले की आपमतलबी टोळके आठवते. शब्द एकच आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याला चाकरीत घेतले आणि त्याच्या हाताखाली ज्या कवायती पलटणी उभ्या राहिल्या, त्यांना कंपू म्हणू लागले. पुढे दौलतरावांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची पडली आणि तिचेच 'लष्कर' हे शहर झाले. शिस्तीच्या फौजेचे नाव टोळक्याला कसे चिकटले हा भाषेचा विषय आहे, पण शिस्तीची फौज आणि जमवलेला जमाव यांमधली रेषा किती पुसट असते, हे या एका शब्दावरून कळते. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माणसे घाईने एकत्र आणून लढायला उभी करावी लागतात, तेव्हा लढाईत नेमके काय बदलते, आणि ते टेबलावरच्या खेळात कसे आणायचे, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. उदाहरण म्हणून सत्तावनच्या उठावातली, १७ जून १८५८ ची, कोटा की सरायची लढाई घेतली आहे, कारण ती जागा आमच्या घरापासून फार दूर नाही आणि त्या दिवशी बागी, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या, बाजूकडे असलेली फौज बारभाईचीच होती.

पहिली पायरी: कोणत्या जातीची भेसळ आहे ते ओळखावे

मिश्र तुकडी म्हटली की सगळ्या एकसारख्या समजण्याची चूक नवखे रचनाकार हमखास करतात. निदान तीन जाती वेगळ्या ठेवाव्यात.

पहिली जात ठरवून मिसळलेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य रणगाडे, पायदळ, तोफा आणि सुरुंगवाले एका अधिकाऱ्याच्या हाताखाली देऊन काम्फग्रुप उभा करीत असे आणि बहुधा त्या अधिकाऱ्याचेच नाव त्याला देत असे. हे तुकडे घाईने जोडलेले असले, तरी सगळ्यांचे शिक्षण एकाच वळणाचे होते. काय साधायचे ते सांगावे आणि कसे साधायचे ते खालच्या अधिकाऱ्यावर सोडावे, ही रीत सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. दुसरी जात उरल्यासुरल्यांची. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधल्या बॅस्टोन गावात फुटलेल्या अमेरिकन पलटणींचे जे सैनिक मागे येत होते, त्यांना अडवून, जेवू घालून, नवी तुकडी बांधण्यात आली आणि तिला सैनिकी बोलीतला 'नेहमीप्रमाणे सगळा गोंधळ' अशा अर्थाचा 'स्नाफू' हा शब्दच नाव म्हणून मिळाला. तिसरी जात दोस्तांची: प्रत्येकाचा धनी वेगळा, खजिना वेगळा, आणि लढण्याचे कारणही पूर्ण एक नाही. १८५८ ची ग्वाल्हेरची फौज या तिसऱ्या जातीत मोडते, जरी तिच्यात दुसऱ्या जातीचे तुकडेही होते.

ही निवड आधी का करायची? कारण पहिल्या जातीत भेसळ हा फायदा असतो. काश्मीरच्या युद्धात १ नोव्हेंबर १९४८ रोजी जोजी ला खिंडीत भारताच्या ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे पायदळाच्या सोबतीने चढले, तेव्हा एवढ्या उंचीवर रणगाडा येईल हे शत्रूच्या ध्यानीमनी नव्हते, आणि जिथे नुसत्या पायदळाला यश आले नव्हते तिथे खिंड मोकळी झाली. अशा तुकडीला खेळात शिक्षा देणारा नियम लावला तर तो इतिहासाविरुद्ध जातो.

दुसरी पायरी: हजेरीपट

नियम लिहिण्याआधी एक मोठा कागद घ्यावा आणि प्रत्येक तुकडीसमोर चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत: कुठून आली, सोबत किती दिवस आहे, पगार व दारूगोळा कोण देतो, आणि हुकूम कोणाचा मानते. संख्या पाचव्या रकान्यात. संख्येपासून सुरुवात केली की बाकीचे रकाने रिकामेच राहतात, हा माझा अनुभव आहे.

१८५८ चा हजेरीपट असा भरतो. मे महिन्यात कुंच आणि काल्पी येथे हार झाल्यावर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि बांद्याचे नवाब ग्वाल्हेरकडे वळले. १ जूनला मुरारजवळ जयाजीराव शिंदे त्यांच्यासमोर आले. त्यांचे अंगरक्षक लढले, पण बाकीची बरीचशी फौज फिरली आणि महाराजांना आग्र्याकडे निघून जावे लागले. म्हणजे १७ जूनला जी फौज सर ह्यू रोझ आणि ब्रिगेडियर स्मिथ या ब्रिटिश सेनानींसमोर उभी होती, तिच्यातल्या शिंद्यांच्या पलटणी बागी बाजूला येऊन अवघे सोळा दिवस झाले होते. ग्वाल्हेर कंटिंजंट ही त्याहून निराळी फौज. महाराजपूर आणि पनिहार येथील १८४३ च्या पराभवानंतर जो तह झाला, त्यात शिंद्यांची स्वतःची फौज कमी करण्यात आली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट वाढवण्यात आली. दोघांचा खर्च शेवटी एकाच संस्थानाच्या माथी, पण कवायत वेगळी, छावणी वेगळी, अधिकारी वेगळे. कंटिंजंट १४ जून १८५७ लाच उठली होती आणि नोव्हेंबरात तात्यांच्या हाताखाली तिने कानपूरला जनरल विंडहॅमला मागे रेटले होते. राणीचे स्वार तिसरे, नवाबांचे चौथे. पगाराचा रकाना मात्र या सोळा दिवसांपुरता सारखा भरतो, कारण सर्वांना ग्वाल्हेरच्या खजिन्यातून पैसे मिळाले. त्या खजिन्याचे कोषाध्यक्ष अमरचंद बांठिया यांना इंग्रजांनी पुढे सराफ्यात फाशी दिली.

घोडदळ लिहिताना आणखी एक रकाना वाढवावा: घोडा कोणाचा? बारगिराचा घोडा सरकारचा असतो, शिलेदाराचा त्याचा स्वतःचा. घोडा मेला तर शिलेदाराची रोजी बुडते, म्हणून तो जीव वाचवण्याआधी घोडा वाचवतो, आणि यात भित्रेपणा काहीच नाही. मराठा फौजेचा कोणताही खेळ रचताना हा भेद सोडला तर घोडदळ एकतर फार शूर होते, नाही तर फार पळपुटे.

तिसरी पायरी: सोंगट्या आणि पट

लग्नसराई संपली की घरात जाडजूड पत्रिकांचा ढीग साचतो. त्यांचे दोन सेंटीमीटरचे चौकोन कापावेत. बाजारातल्या पुठ्ठ्यापेक्षा ते सरळ राहतात आणि मागची सोनेरी वेलबुट्टी उलट्या सोंगटीची ओळख म्हणून आयतीच मिळते. मात्र त्या हलक्या असतात. जूनमधल्या एका रविवारी आम्ही खेळत असताना गेलेली वीज अचानक आली, पंखा पाचवर होता, आणि राणीचे स्वार थेट मुरारपलीकडे उडून गेले. तेव्हापासून प्रत्येक सोंगटीखाली शीतपेयाच्या बाटलीचे पत्र्याचे बूच चिकटवतो.

पट षटकोनी घरांचा करावा. एक घर सुमारे चारशे मीटर, एक फेरी अर्ध्या तासाची. कोटा की सराय शहराच्या आग्नेयेला आहे. तिच्या आणि फुलबागेच्या मध्ये टेकड्यांची रांग, तिच्यातून जाणारी वाट आणि वाटेलगत कालवा, एवढे दाखवले की पुरे. स्मिथचे सैनिक या वाटेवरूनच पुढे आले, त्यामुळे टेकड्यांच्या घरांत तोफ चढवायला दोन फेऱ्या लागतील असे धरावे.

बागी बाजूला मी राणीच्या स्वारांच्या दोन, कंटिंजंटच्या तीन, शिंद्यांच्या पलटणींच्या चार, नवाबांच्या स्वारांची एक, रावसाहेब आणि तात्यांच्या दोन आणि तोफांच्या दोन सोंगट्या दिल्या आहेत. हे आकडे खेळाच्या सोयीचे आहेत. प्रत्येक उगमाला वेगळा रंग द्यावा, कारण पुढचे सगळे नियम रंगांवर चालतात.

चौथी पायरी: दम वेगळा, सांधा वेगळा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण मी स्वतः येथेच वर्षभर चुकत होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात मी बागी सोंगट्यांचे बळ सरसकट एक तृतीयांशाने कमी केले होते. फौज विस्कळीत होती, म्हणून कमजोर, असा सरळ हिशेब. प्रत्येक डाव चौथ्या फेरीत आटोपायचा. शेवटी भाच्याने फासा खाली ठेवला आणि विचारले, "मामा, शिंद्यांची माणसे इतकी भित्री होती का हो?" मी म्हटले, "नव्हती रे." "मग तुमचा नियम तसे का म्हणतोय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला लासवारीत सापडले. १ नोव्हेंबर १८०३ रोजी ब्रिटिश जनरल लेकसमोर दौलतरावांच्या ज्या पलटणी उभ्या राहिल्या, त्या उरल्यासुरल्यांच्या होत्या: दक्षिणेतून उत्तरेत पाठवलेल्या, त्यांना दिल्लीच्या पराभवातून निसटलेल्यांची जोड. द बॉयननंतर कंपूंचा सेनापती झालेला पेराँ चाकरी सोडून गेला होता, युरोपीय अधिकारी निघून गेले होते. तरीही गोलंदाज संगिनीने कापले जाईपर्यंत तोफांपासून हलले नाहीत, आणि खुद्द लेकने त्यांच्या झुंजीची वाखाणणी केली. त्यांचा दम कमी नव्हता. एका पलटणीने उजवीकडे सरकावे आणि दुसरीने त्याच वेळी पुढे यावे, हे सांगणारा आणि ऐकवणारा माणूस उरला नव्हता. तुकडीच्या आत जे असते त्याला मी दम म्हणतो आणि दोन तुकड्यांच्या मध्ये जे असते त्याला सांधा. तात्पुरती फौज सांध्यात निखळते, म्हणून बळाच्या आकड्याला हात लावू नये.

सांध्याचा आकडा असा काढावा. दोन रंगांमध्ये मुळात २ धरावेत. कवायत एक असेल तर १ वाढवावा, आधी एकत्र लढले असतील तर १, पगार व रसद एकाच ठिकाणहून असेल तर १. दोहोंपैकी कोणी महिन्याभरात बाजू बदलून आले असेल तर १ वजा. आकडा १ च्या खाली किंवा ५ च्या वर जाऊ देऊ नये. दोन वेगळ्या रंगांच्या सोंगट्यांना एकाच फेरीत एकच लक्ष्य गाठायचे असेल, तर एक फासा टाकावा; सांध्याइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला तर दोघी मिळून लढतात. जास्त पडला तर दुसरी सोंगटी जागीच राहते. ती पळत नाही, तिचे बळही घटत नाही. हुकूम पोचला नाही, किंवा पोचला पण पटला नाही, एवढेच.

आता आकडे भरून पाहू. राणीचे स्वार आणि कंटिंजंट कुंच-काल्पीच्या मोहिमेत एकाच बाजूने लढले होते आणि पगार एक होता: २ अधिक १ अधिक १, म्हणजे ४. कंटिंजंट आणि शिंद्यांच्या पलटणी: पगाराचा १ मिळतो, नुकत्या फिरल्याचा १ जातो, उरले २. या तिघांना एकदम हल्ला करायचा असेल तर दोन्ही सांधे टिकले पाहिजेत: सहापैकी चार गुणिले सहापैकी दोन, म्हणजे नवांत दोन, शंभरात जेमतेम बावीस वेळा. समोर स्मिथच्या फौजेत ८ हुसार्स हे घोडदळ, ९५ वी पलटण आणि १० वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री यांच्यातला सांधा ५ येतो. तिघांचा एकत्र हल्ला छत्तीसपैकी पंचवीस वेळा, शंभरात सुमारे एकोणसत्तर वेळा जमतो. दोन्ही बाजूंचे बळ पटावर सारखे असले तरी डाव सारखा होत नाही, आणि तो का होत नाही हे खेळणाऱ्याला स्वतःच्या हातातल्या फाशावरून कळते.

या नियमाचा माझा पहिला अवतार प्रत्येक फेरीला प्रत्येक जोडीसाठी फासा मागत होता. एका संध्याकाळी सव्वातासात दोनच फेऱ्या झाल्या आणि पाहुणे पोह्यांच्या बशा घेऊन उठले. फासा फक्त एकत्र काम मागितले तेव्हाच टाकायचा.

पाचवी पायरी: नाव, माणूस आणि ओळख

तात्पुरत्या तुकडीला सेनापतीचे नाव पडते, कारण तिला बांधणारी बहुधा तीच एक गोष्ट असते. म्हणून सेनापतीची वेगळी सोंगटी करावी. ती ज्या घरात आहे त्याच्या शेजारच्या घरांत सांधा १ ने वाढतो. सेनापती पडला तर त्याच्या रंगाचे सगळे सांधे डाव संपेपर्यंत १ ने उतरतात. राणी लक्ष्मीबाई याच लढाईत पडल्या. स्मिथची लढाई १७ जूनची, ग्वाल्हेरला बलिदानदिन १८ जूनला पाळला जातो आणि समाधी फुलबागेजवळ आहे. आमच्याकडे बागी बाजू घेणारा खेळाडू राणीची सोंगटी मागे दडवून ठेवू पाहतो आणि सांध्याचा एकेक आकडा हवा म्हणून अखेर पुढे आणतोच. हा नियम बरोबर बसल्याची ती खूण मी मानतो.

याच्या उलटही घडते. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या पुलाच्या उत्तर टोकाला ब्रिटिश कर्नल फ्रॉस्टच्या हाताखाली साधारण ७४० माणसे जमली, त्यांत त्याच्या स्वतःच्या बटालियनखेरीज ब्रिगेडच्या मुख्यालयातले लोक, सुरुंगवाले, रसदवाले, रणगाडाविरोधी तोफांचे चालक असे सगळे होते. पूल धरायचे काम खरे तर यापेक्षा कितीतरी मोठ्या फौजेचे. ते १७ तारखेच्या संध्याकाळपासून २१ च्या सकाळपर्यंत टिकले. फ्रॉस्ट जखमी झाल्यावर मेजर गॉफने सूत्रे घेतली आणि तुकडी मोडली नाही, कारण मुळातले शिक्षण एक होते आणि तीन दिवस शेजारशेजारच्या घरांत लढून ओळख घट्ट झाली होती. यासाठी एक नियम ठेवावा: दोन रंगांनी मिळून यशस्वी काम केले की त्यांचा सांधा कायमचा १ ने चढतो. डावाच्या अखेरीस बारभाईची फौज सुरुवातीपेक्षा चांगली लढताना दिसली तर बिचकू नये.

सहावी पायरी: अडथळा आणि बुणगे

सांधा टिकला नाही तर मदत मिळत नाही, हे एक झाले. मदतीला धावणारा आपल्याच माणसाच्या माऱ्यासमोर येतो, हे त्याहून वाईट. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची कवायती पायदळ-तोफखान्याची फळी डाव्या बाजूला होती आणि शेजारी विठ्ठल शिवदेव व दमाजी गायकवाड यांचे स्वार होते. सदाशिवरावभाऊंची गोलाची लढाई, म्हणजे बंदिस्त रचना राखून लढणे, प्रत्येकाने जागा धरण्यावर अवलंबून होती. स्वारांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या गनिमी काव्याची सवय. ते फळी सोडून पुढे गेले आणि गारद्यांचा मारा अडला, असे त्या लढाईच्या वर्णनांत सांगितले जाते. खेळात नियम सोपा आहे: कवायत वेगळी असलेली आपलीच सोंगटी तोफेच्या आणि लक्ष्याच्या मधल्या घरात आली, तर त्या फेरीला तोफ गप्प. कवायत एक असेल तर हा नियम लागत नाही, कारण बाजूला कधी व्हायचे हे त्यांना ठाऊक असते.

बाजारबुणग्यांचे काय, हा प्रश्न हटकून येतो. पानिपतावर ते लोढणे होते. पण फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानात सिंझवेया येथे जपानी वेढ्यात ब्रिटिश-भारतीय फौजेतल्या कारकून, स्वयंपाकी, वाहनचालक आणि खेचरवाले यांनी पायदळाच्या खांद्याला खांदा लावून आपापला कोपरा धरला, रणगाडे मध्यभागी राखीव राहिले, विमानांनी रसद टाकली आणि वेढा फसला. त्यांच्या हाती बंदूक होती, ती चालवायचे जुजबी शिक्षण होते, आणि 'या खड्ड्यापासून त्या झाडापर्यंत तुमचे' इतके स्पष्ट काम होते. म्हणून बिनलढाऊ सोंगटीला हल्ल्याचे बळ शून्य आणि बचावाचे १ द्यावे, तेही तिला डावाच्या आरंभीच ठरावीक घर नेमून दिले असेल तरच. हलवली की बचावही शून्य.

उन्हाचा नियम आम्ही ग्वाल्हेरकरांनी न सांगताच घालायचा असतो. या मोहिमेत रोझची माणसे उन्हाने कोसळत होती, आणि कोटा की सरायच्या दिवसाअखेर हुसार्सना खोगिरावर बसवत नव्हते. लागोपाठ तीन फेऱ्या हललेली कोणतीही सोंगटी चौथीत थांबली पाहिजे, दोन्ही बाजूंची.

सातवी पायरी: जिंकणे कशाला म्हणायचे

ग्वाल्हेर राखले तर बागी जिंकले, असे ठरवले की डाव एकतर्फी होतो. शहर १९ जूनला पडले आणि किल्ला २० ला. पण तात्या निसटले आणि एप्रिल १८५९ पर्यंत हाती लागले नाहीत. ते टिकले ते चालत राहिल्यामुळे, आणि तोफा मात्र जौरा-अलीपूरला ब्रिटिश सेनानी नेपियरच्या हाती पडल्या. म्हणून बागी खेळाडूला गुण द्यावेत ते पटाच्या पश्चिम कडेवरून बाहेर काढलेल्या सोंगट्यांचे, तोफ असेल तर दुप्पट, आणि दहाव्या फेरीनंतर धरून ठेवलेल्या प्रत्येक टेकडीचा एक गुण. ब्रिटिश बाजूला वेळेची घाई हवी, कारण पावसाळा तोंडावर होता आणि नद्या चढल्या की पाठलाग संपला: प्रत्येक फेरीगणिक त्यांचा एक गुण कापावा.

आठवी पायरी: तपासणी

प्रशियात १८२४ च्या सुमारास राइसवित्झचा युद्धखेळ अधिकाऱ्यांत रुजला तेव्हा तेथे पंच असे आणि खेळाडूला पट अर्धाच दिसे. घरी पंच मिळतोच असे नाही, पण मसुद्याचे निदान पहिले दोन डाव तिसऱ्या माणसाला बसवून करावेत. त्याने एकच काम करायचे: सांध्याचा फासा किती वेळा पडला आणि किती वेळा फसला, हे कागदावर लिहायचे. बागी बाजूकडे दर दोन फेऱ्यांत एखादा फासा पडत असेल तर ठीक. त्याहून कमी असेल तर खेळाडू एकत्र हल्ला करायचेच टाळत आहेत, आणि मग सुरुवातीचा २ हा आकडा ३ करून पाहावा. त्यानंतर बाजू बदलून तोच डाव पुन्हा खेळावा. आमच्या कागदावर आतापर्यंत चौदा डाव झाले आहेत; त्यांतल्या नऊ डावांत शिंद्यांच्या पलटणी शेवटच्या तीन फेऱ्यांत राणीच्या स्वारांच्या मदतीला आल्या, आणि भाच्याने त्या रकान्यापुढे पेन्सिलीने 'उशिरा' असे लिहून ठेवले आहे.